कमर्शियल तळ्यावर पोलने कार्प: फ्लोट बुडतो, मासा का लागत नाही?

प्रश्न: मूळचा सांगलीचा, आता इंग्लंडमध्ये मिडलंड्समध्ये असतो. कृष्णेवर बांबूच्या काठीने गळ टाकायची सवय होती. इथे १३ मीटरचा जुना, वापरलेला पोल (जोडाजोडांची, रीळ नसलेली लांब काठी) घेतला आणि एका कमर्शियल फिशरीवर (पैसे भरून गळ टाकायच्या तळ्यावर) गेलो. फ्लोट (तंगुसावरचा तरंगणारा दर्शक) दिवसभर बुडत होता, पण झटका दिला की बहुतेक वेळा हुक रिकामा. जे मोठे कार्प लागले ते सुटले, नाहीतर तंगूस तुटला. दिवस नेमका कसा आखायचा? आणि पोलला १६ मीटरचं एक्स्टेंशन घेऊ का?

उत्तर: तुमच्या पहिल्या दोन तक्रारींचं मूळ बहुधा एकच आहे, आणि ते हुकात किंवा तंगुसात नसून चाऱ्यात आहे. कमर्शियल तळ्यात कार्प दाट सोडलेले असतात. वरून पेलेट (चाऱ्याचे दाबून केलेले दाणे) पडत राहिले की ते तळाशी वाट बघत थांबत नाहीत, पडणारा दाणा मधेच टिपायला वर येतात. आमिष तळाशी, मासे त्याच्या अर्धा मीटर वर आणि दोघांच्या मध्ये तुमचा उभा तंगूस. माशाचं अंग किंवा पर तंगुसाला घासला की फ्लोट खाली जातो, तुम्ही झटका देता, हुक रिकामा येतो. कधी त्याच झटक्यात हुक माशाच्या कुशीत किंवा पराच्या मुळाशी रुततो. तोंडात लागलेल्या माशाचं डोकं आपल्याकडे वळवता येतं, कुशीत लागलेल्याचं येत नाही. तो सरळ रेषेत पळत सुटतो, पोलच्या टोकातलं इलॅस्टिक शेवटपर्यंत ताणलं जातं आणि सगळ्यात कच्चा दुवा तुटतो. हुकला खवला अडकून आला असेल तर हेच झालं असं खुशाल समजा.

पोलचं खरं बळ नेमात आहे. रीळ नाही, फेकणं नाही. काठीच्या टोकाखाली जिथे चारा ओतला तिथेच आमिष, तेही सेंटीमीटरच्या हिशेबाने ठरवलेल्या खोलीवर. या दोन गोष्टी सांभाळल्या की बाकीचं बरंच माफ होतं.

निघण्याआधीचं पटकन सांगतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये १३ वर्षं आणि त्यापुढच्या प्रत्येकाला एन्व्हायर्नमेंट एजन्सीचं रॉड लायसन्स लागतं. १३ ते १६ वयाला ते फुकट मिळतं, पण काढावं लागतंच. तळ्याचं डे तिकीट त्याशिवाय वेगळं. १५ मार्च ते १५ जून नद्यांवर बंदी असते. बहुतेक कमर्शियल तळ्यांना ती लागू नाही. तळ्याचे नियम आदल्या रात्री वाचून ठेवा, कारण आमिष त्यावर ठरतं. काही ठिकाणी फक्त त्यांच्याच दुकानातले पेलेट चालतात, जाळीही त्यांचीच वापरावी लागते. बिनकाट्याचा म्हणजे बार्बलेस हुक जवळपास सगळीकडे सक्तीचा आहे. शेंगदाण्यासारखे दाणे आणि ब्रेडेड (विणलेला) तंगूस बहुतेक ठिकाणी बंद असतात. कीपनेट (पकडलेले मासे पाण्यात ठेवायची लांब जाळी) अनेक तळ्यांवर फक्त स्पर्धेपुरतं चालतं. गावाकडून आणलेली शिशाची वजनं घरीच ठेवा: ०.०६ ते २८.३५ ग्रॅममधलं शिसं इथे १९८७पासून बंद आहे. आणि इथला मासा तळ्याच्या मालकाचा असतो. पकडायचा, सोडायचा, घरी न्यायचा नाही.

आता पोल. वापरलेला घेतला आहे तर आतलं इलॅस्टिक डोळे झाकून बदला. जुनं इलॅस्टिक दिसायला ठीक असतं, पण बोटात ताणून धरलं की बारीक भेगा दिसतात, आणि मोठा मासा नेमका तिथेच जातो. त्याच वेळी टोकावरची गुळगुळीत पांढरी बुशही नखाने तपासा. कड खरवडलेली असेल तर नवं इलॅस्टिकही चार दिवसांत कापलं जाईल. एक-दोन किलोच्या माशांसाठी साधारण १० ते १२ नंबरचं पोकळ इलॅस्टिक पुरतं. काठालगत मोठ्या कार्पसाठी १४ ते १६. कंपन्यांचे नंबर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून पाकिटावर दिलेली तंगुसाची शिफारस बघूनच घ्या. ताण बरोबर आहे का हे असं ओळखायचं: इलॅस्टिक हातभर बाहेर ओढून सोडलं की कनेक्टर (इलॅस्टिकला तंगूस जोडायचा तुकडा) टोकाशी येऊन टेकला पाहिजे. लोंबकळला तर आतल्या बंगवर (इलॅस्टिकचं मागचं टोक अडकवायचं बूच) दोन-तीन वेढे वाढवा. ठोकर खाऊन बसला तर ताण जास्त आहे.

टॉप किटला (पोलच्या टोकाकडचे, इलॅस्टिक असलेले भाग) पुलर नसेल तर आधी तो बसवून घ्या. मासा टॉप किटवर आला की बाजूच्या त्या भोकातून इलॅस्टिक हाताने ओढून कमी करता येतं. पुलरमुळे इलॅस्टिक मऊ ठेवता येतं: झटक्याला आणि पहिल्या धावेला ते भरपूर देतं, आणि शेवटी जाळ्याशी तुम्ही ते हवं तेवढं कडक करता. पुलर नसला की लोक आधीपासूनच जाड इलॅस्टिक घालतात, आणि मग ०.१३ मिमीची हुकलेंथ (हुकजवळचा बारीक तंगूस) पहिल्याच धक्क्याला जाते. तुमचे मासे तुटण्याचं दुसरं कारण इथे असू शकतं.

रिग (फ्लोट, तंगूस, वजनं आणि हुक यांची जुळणी) तीन बांधा, प्रत्येक वेगळ्या टॉप किटवर. लांबच्या जागेसाठी, पाणी सव्वा ते दीड मीटर असेल तर, ०.२ ग्रॅमचा फ्लोट, मुख्य तंगूस ०.१५ किंवा ०.१६ मिमी, १५ सेंमीची ०.१३ मिमीची हुकलेंथ आणि १६ नंबरचा हुक. १० नंबरचे पाच-सहा शॉट (वजनाच्या बारीक गोळ्या) हुकलेंथच्या गाठीच्या वर दोन-तीन सेंमीच्या अंतराने ओळीने लावा. शॉट असे बसवा की पाण्याबाहेर फक्त ब्रिसल, म्हणजे फ्लोटचं बारीक टोक, राहील. फ्लोट उंच राहिला तर हलका चावा दिसतच नाही. दुसरी रिग काठासाठी: ०.१९ मिमी तंगूस, ०.१७ हुकलेंथ, १४ नंबरचा हुक, जाड टोकाचा फ्लोट. तिसरी उथळ पाण्यातल्या माशांसाठी: ०.१ ग्रॅमचा बुटका फ्लोट आणि खाली जेमतेम ४५ ते ६० सेंमी तंगूस. पोलच्या टोकापासून फ्लोटपर्यंत ४०-५० सेंमी तंगूस ठेवा. जास्त ठेवला की वारा त्याचा धनुष्याकार करतो आणि फ्लोट जागेवरून सरकतो. वाऱ्यात फ्लोटच्या वर एक बारीक शॉट लावला की ते बरंच आटोक्यात येतं.

तळ्यावर पोचल्यावर पोल जोडण्याआधी डोक्यावर बघा. कार्बन वीजवाहक आहे. विजेच्या तारांपासून निदान ३० मीटर लांब बसायचं, तारेखालून पोल उभा धरून चालायचंही नाही. गडगडाट सुरू झाला की पोल जमिनीवर आडवा ठेवून तिथून दूर व्हा, मग पाण्यात मासे कितीही उसळत असोत.

बसायची पेटी अशी लावा की तळवे सपाट टेकतील आणि मांड्या जमिनीला समांतर राहतील. पोल मांडीवर आडवा राहतो, पेटी कलती असेल तर तासाभरात कंबर बोलायला लागते. पाठीमागे दोन रोलर: पहिला तीन-चार मीटरवर, दुसरा तेवढाच त्याच्या मागे, दोन्ही पोलच्या रेषेत. टॉप किट काढताना बाकीचा पोल मागे रोलरवर तोल धरून राहिला पाहिजे. पुढे कलंडला तर रोलर थोडा जवळ घ्या. जोडाच्या टोकांना माती लागू देऊ नका, मांडीवर एक ओलं फडकं ठेवा. वाळूचा एक कण आत गेला तरी जोड घट्ट अडकतो, आणि असा अडकलेला जोड सरळ ओढून काढण्यापेक्षा हलका पिळून काढावा.

त्यानंतर खोली मोजायची. लोक इथे दोन मिनिटं देतात, मी म्हणेन वीस द्या. हुकला प्लमेट (खोली मोजायचं वजन) लावा, पोल पूर्ण लांबीवर न्या आणि प्लमेट हळू सोडा. प्लमेट तळाला टेकून तंगूस ताठ असताना ब्रिसलचं टोक पाण्याच्या पातळीवर आलं की ती तिथली खोली. आता तिथून डावीकडे-उजवीकडे आणि पुढे-मागे अर्ध्या अर्ध्या मीटरवर पुन्हा टेकवून बघा. आपल्याला उतार नको, सपाटी हवी. उतारावर पेलेट घरंगळत खोल पाण्यात जातात, मासे त्यांच्या मागे जातात, आणि आमिष वर एकटं राहतं. प्लमेट उचलताना चिकटल्यासारखं जाणवलं तर खाली गाळ आहे. तिथे जड प्लमेट आत रुततो आणि खोली जास्त दाखवतो, म्हणून हलका वापरा किंवा जागा बदला. जागा सापडली की हुक टॉप किटच्या तळाशी धरा, फ्लोट जिथे येतो तिथे पोलवर खाडाखोडीच्या पांढऱ्या शाईची खूण करा. दिवसभरात फ्लोट सरकला तरी मूळ खोली हातात राहते. शेवटी समोरच्या काठावर एखादं झुडूप किंवा खांब हेरून ठेवा. चारा आणि आमिष दोन्ही त्याच रेषेत गेले पाहिजेत.

अशा तीन जागा मोजा: १३ मीटर (किंवा समोरच्या बेटाचा सपाट पायथा), जवळच्या उताराच्या तळाशी साधारण ५ मीटर, आणि काठालगत ४५ ते ६० सेंमी पाण्याची एक सपाट जागा. वॉरिंग्टनजवळच्या पार्ट्रिज लेक्सवर जशी नागमोडी अरुंद तळी आहेत, तसल्या पाण्यात पोल थेट समोरच्या काठापर्यंत पोचतो. तिथे पहिली जागा ठरल्यातच जमा.

पेलेटची तयारी. २ मिमीचे मायक्रो (अगदी बारीक पेलेट) डब्यात घेऊन बुडेपर्यंत पाणी घाला, दोन मिनिटांनी सगळं पाणी निथळा, अर्धा तास झाकून ठेवा. साबुदाणा भिजवतो तसंच: दाणा मऊ, पण सुटा. पाणी राहिलं तर लगदा होतो आणि पाण्यात ढग उठवतो. ४ आणि ६ मिमीचे कडक पेलेट तसेच कोरडे वापरायचे. हुकवर लावायला एक्स्पांडर (हलके, सच्छिद्र पेलेट) हवे असतील तर पंपात (आतली हवा काढायचा डबा) दाणे आणि पाणी घालून दट्ट्या दोन-तीनदा ओढा. बुडबुडे थांबून दाणे तळाशी बसले की झालं. जास्त ओढले तर पिठासारखे होतात आणि झटक्याआधीच हुकवरून गळतात. एकेक दाणा तळ्याच्या पाण्यात टाकून बुडतो का ते बघा. पाच-सहा तासांसाठी ४ मिमी एक किलो, मायक्रो अर्धा किलो, एक्स्पांडर मूठ-दोन मुठी आणि मक्याचा एक डबा. उरलेला चारा जाताना तळ्यात ओतू नका.

सुरुवात १३ मीटरवर करा, आणि चाऱ्याचा मोठा कप भरून ओतू नका. पोलच्या टोकाला अडकवायचं छोटं पॉट घ्या, त्यात चिमूटभर मायक्रो आणि ४ मिमीचे दहा-पंधरा दाणे. पोल दोन्ही हातांनी एका लयीत पुढे न्या, थांबत-थांबत नेला की दाणे वाटेतच सांडतात. जागेवर पोचल्यावर पॉट पाण्याच्या अगदी जवळ आणून उलटा करा. एक मीटर उंचीवरून टाकलेले दाणे पसरतात, पाण्यालगत सोडलेले एका खांबात खाली जातात. दाणे सोडले की त्याच जागी रिग हळू उतरवा, म्हणजे आमिष चाऱ्याच्या मागोमाग पडेल. हुकवर ४ मिमीचा एक्स्पांडर, किंवा हुकला बांधलेल्या रबरी बँडमध्ये बसवलेला ४ मिमीचा कडक दाणा. खोली नेमकी तळाएवढी, फार तर दोन सेंमी जास्त. मिनिटभर काही झालं नाही तर फ्लोट वीत-भर उचलून पुन्हा सोडा. पडणाऱ्या दाण्यावर चावा पुष्कळदा येतो.

तेवढ्यात ५ मीटरच्या जागी दर तीन-चार मिनिटांनी हाताने सहा-आठ दाणे टाकत राहा. ती जागा पिकायला वेळ लागतो, पण दुपारी लांबचे मासे बिथरले की तीच कामाला येते.

आता फ्लोट वाचायचा, कारण किती चारा घालायचा ते फ्लोट सांगतो. खरा चावा बहुधा असा असतो: ब्रिसल थोडं थरथरतं, मग सरळ खाली जातं आणि खालीच राहतं. घासून गेलेल्या माशाचा फ्लोट एकदम आडवा सरपटतो किंवा बुडून लगेच वर येतो. त्याला झटका देऊ नका. लागोपाठ तीन-चार वेळा असं झालं तर मासे वर आले आहेत. अशा वेळी चारा वाढवायची इच्छा होते, कारण मासे भरपूर दिसत असतात, आणि त्यानेच बिघडतं. मायक्रो पूर्ण बंद करा; ते सावकाश बुडतात आणि माशांना वर खेचतात. ६ मिमीचे कडक पाच-सहा दाणे घाला, ते झपकन तळाला जातात. पुढचा चारा मासा लागल्यावर किंवा पाच मिनिटं शांतता राहिल्यावरच. एवढं करूनही मासे वरच राहिले तर भांडत बसू नका, उथळ रिग घ्या, बँडमध्ये ६ मिमी, आणि प्रत्येक खेपेला तीन-चार दाणे टाकून त्यांच्यावर ती मांडा. उन्हाळ्याच्या दुपारी हा मार्ग तळापेक्षा भारी पडतो.

बुडबुडे आहेत पण फ्लोट हलत नाही, असं असेल तर मासे गाळ उकरताहेत. खोली चार-पाच सेंमी वाढवा. रोच-रडसारखे लहान मासे दाणा कुरतडत असतील तर हुकवर ६ मिमी किंवा मका लावा. दोन चांगले मासे लागून एकदम सगळं थांबलं तर जागा वीस मिनिटं सोडा, चिमूटभर चारा घालून ५ मीटरवर या.

झटका म्हणजे वीतभर उचल, बस. खेचायचं नाही. मासा लागला की पोलचं टोक खाली ठेवा आणि इलॅस्टिकला काम करू द्या. १३ मीटर पोल वर उचलून मासा वर काढायचा प्रयत्न केला तर पोल मोडतो किंवा तंगूस जातो. बेटाच्या झुडपांकडे पळत असेल तर टोक पाण्यालगत ठेवून आडवा ताण द्या. पहिली धाव संपली की पोल एकसारख्या गतीने रोलरवर मागे घ्या, टॉप किट काढा, आणि मग पुलर. एका वेळी वीतभर इलॅस्टिक ओढा, मासा पळाला की सोडून द्या, पुन्हा ओढा. त्याने तोंड पाण्याबाहेर काढून हवा गिळली की तो थकला. जाळं पाण्यात स्थिर धरा आणि मासा त्यावर ओढून आणा. जाळं घेऊन माशामागे धावलं की तो शेवटची उसळी मारतो, आणि बिनकाट्याचा हुक त्या क्षणी सैल तंगुसात सुटतो.

मासा ओल्या मॅटवर, ओल्या हातांनी, जमिनीलगत हाताळा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे रोग शिरतो. तळ्याच्या दारात जाळी बुडवायला औषधाची टाकी असते, तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. कोइ हर्पीस विषाणूने पाणी १६ अंशांच्या वर गेल्यावर अख्खी तळी मारली आहेत, आणि ओली जाळी हा तो पसरायचा एक मार्ग आहे.

शेवटचे दोन तास काठाचे. मोठे कार्प दिवसभर माणसांच्या पावलांना बिचकून लांब राहतात आणि उतरत्या उन्हात काठाला लागतात. इथे मात्र कप वापरा: ओलसर ग्राउंडबेट (भुकटीचा चारा) आणि मूठभर मका मिळून १०० ते १५० मिली, एकदम. लगेच आमिष टाकू नका. आधी लहान मासे येतात, फुटकळ टिचटिच चालते, पृष्ठभागावर बारीक वळणं उठतात. मग अचानक ते सगळे नाहीसे होतात. तीच खूण: कार्प आला आहे. गाळाचा ढग उठतो, कधी शेपटीचं टोक वर दिसतं. आता जाड रिगवर मक्याचे दोन दाणे सोडा. तरीही घाई नको, फ्लोट पूर्ण खाली जाईपर्यंत हात मांडीवर. दोन मासे काढल्यावर पुन्हा अर्धा कप. पाणी ३० सेंमीपेक्षा कमी असेल तर मोठे मासे येतात, पण सावली हलली तरी पळतात, म्हणून थोडी खोल जागा बरी.

थंडीत हे सगळं आवरतं घ्या. पाणी ८ अंशांच्या खाली गेलं की कार्प जागेवरून फारसे हलत नाहीत. चारा जवळपास शून्य, पंचने (पावाचे गोल तुकडे पाडायचं छोटं हत्यार) कापलेला ६-८ मिमी पावाचा तुकडा मधल्या पाण्यात टांगून मासे शोधत फिरायचं. तुमच्याकडे वॉरिकजवळचं टनेल बार्न फार्म एफ-१ या संकरित कार्पसाठी नावाजलेलं आहे. हे मासे थंडीतही खातात, हिवाळ्यात तिथे बघा. पण एफ-१चा चावा फार हलका असतो, तिथे ०.१० किंवा ०.११ मिमी हुकलेंथ आणि १८ नंबरचा हुक घ्या.

आता १६ मीटर. नको. शेवटचे तीन मीटर पोलचं वजन आणि टोकाची थरथर इतकी वाढवतात की वर सांगितलेला नेम नवख्याच्या हातून सुटतो, आणि थोडा वारा आला की १३ मीटरसुद्धा सोडून ११ वर यावं लागतं. त्याच पैशात पुलर बसवलेली आणखी दोन टॉप किट घ्या, एक १२ आणि एक १६ नंबर इलॅस्टिकची. आणि घरी गेल्यावर सगळे भाग वेगळे करून, आतून-बाहेरून पुसून, रात्रभर उघडे वाळू द्या. ओला पोल पिशवीत राहिला तर पुढच्या वेळी पहिला जोडच अडकेल.